सपाट माप

एकदा एक विणकर भर दुपारी आपल्या वृद्ध गुरूंपाशी आला आणि धापा टाकत म्हणाला, “गुरुजी, चोर माझ्या घरातच निघाला!”

हा विणकर गावात मोठा शहाणा गणला जाई. शहाणपण एवढेच, की राज्यकारभाराचा विषय निघाला की “सगळे एकाच माळेचे मणी” म्हणायचे आणि गावसभेला न जाता मागावर बसून राहायचे. आपल्याला कोणी फसवू शकत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

“काय चोरीला गेले?” गुरूंनी विचारले.

“ज्वारी. दर बाजारी पाच मापं आणतो. आठवडाभर पुरायची, आता सहाव्या दिवशी कणगी रिकामी. भाव तोच, मापं तेवढीच, खाणारी तोंडंही तेवढीच. मग बायकोच माहेरी धाडत असणार, दुसरं कोण? काल गल्लीत चारचौघांदेखत विचारलं, तर आता गाठोडं बांधून बसली आहे. बाजार उठला की गाडीनं माहेरी जाते म्हणते.”

गुरू लगेच उठले. “मग बाजार उठायच्या आत चल.”

चार महिन्यांपूर्वी नव्या नगरप्रमुखांनी दवंडी पिटवली होती. वर्षभर ज्वारीचा भाव वाढणार नाही. आणि धान्य सांडून नासाडी होऊ नये, म्हणून माप काठीने सपाट करूनच द्यावे. पहिल्या वाक्याला लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या, की दुसऱ्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही. त्याआधी पूर्वापार रीत अशी होती, की मापाच्या काठावर धान्याची टोकदार रास उभी राहीपर्यंत भरायचे. त्या राशीला शीग म्हणत, आणि ती गिऱ्हाइकाची असे.

व्यापाऱ्याच्या दुकानी गुरूंनी पाच मापे ज्वारी मागितली आणि खांद्यावरचे उपरणे काढून मापाखाली अंथरले.

“गुरुजी, मळेल की!” व्यापारी म्हणाला.

“मळू दे.”

मापाऱ्याने पहिले माप भरले, ‘एक’ न म्हणता रिवाजाप्रमाणे “लाभ” म्हटले, आणि काठी फिरवली. शीग उपरण्यावर पडली. असे पाच वेळा झाले. मग गुरूंनी उपरण्याची टोके उचलून ती ज्वारी रिकाम्या मापात ओतली. माप काठोकाठ भरले.

विणकराचा चेहरा उतरला. व्यापारी चाचरत म्हणाला, “हुकूम वरचा आहे, गुरुजी. मी काय करणार?”

गुरूंनी ते भरलेले माप त्याच्याच राशीत ओतून टाकले.

“अहो, ते आपलं होतं!” विणकर ओरडला.

“होते. पण ते घरी नेले असते, तर तुझे पोट भरले असते आणि तोंड बंद झाले असते. बाकीच्या गावाचे काय? बाबा रे, शंका घेणे वाईट नाही. पण तू ती घेतलीस कोणावर? जी तुझ्या ताटात वाढून उरले तर खाते, तिच्यावर. दवंडीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवलास. सगळेच चोर म्हणणारा माणूस चोराला फार आवडतो. कारण तो कोणालाच पकडायला जात नाही.”

विणकर धावतच घरी पोहोचला. गाडी दारात उभी होती आणि बायकोचा एक पाय चाकावर. काल जिथे तिचा अपमान केला होता, तिथेच उभा राहून तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “चूक माझी आहे. हिनं एक दाणाही कुठे धाडला नाही. चोरी मापात आहे.”

तिने डोळे पुसले. “हे गल्लीला सांगून काय उपयोग? सभेत सांगाल? की पुन्हा मागावर बसाल?”

“सांगेन.”

“मग मीही येते ऐकायला,” ती म्हणाली, आणि गाडी रिकामी गेली.

सभेत नगरप्रमुखांनी मोठ्या अभिमानाने विचारले, “भाव स्थिर ठेवला की नाही? हाच हुकूम आणखी वर्षभर चालवायचा, तर हात वर करा.” सगळे हात वर गेले. तेव्हा आयुष्यात प्रथमच विणकर सभेत उभा राहिला.

“हात वर करा, माझी ना नाही. पण आधी इथं एक माप आणि एक काठी मागवा. आपल्याला काय मिळतं ते डोळ्यांनी पाहा, आणि मग करा.”

मग मागच्या रांगेतल्या बायकांमधून एक हात खाली आला, आणि त्यानंतर दुसरा.