गिळगीचं पहिलं पाणी

एका राज्यात एक तांबट राहत होता. कोंडाजी त्याचं नाव, सरू त्याची बायको आणि पवळा त्यांची सात वर्षांची लेक. तांबटआळीत दिवसभर ठोक्यांचा नाद चाले, आणि त्या नादाच्या वरताण पवळेची बडबड. आळीतल्या बाया म्हणत, "सरू, या पोरीच्या तोंडाला झाकण घडव बाई एखादं." सरू हसे. पुढं याच बोलण्यानं तिची झोप उडाली.

त्या राज्यात तीन जादूगार आले. एकाची पगडी लाल, एकाची पिवळी, एकाची काळी. तिघांची मिळून एक पेढी होती. राजाला ते म्हणाले, "महाराज, चौकात गिळग्या बसवण्याची मुद्रा द्या. दर पौर्णिमेला राजवाड्यावर शंभर सोन्याची कौलं चढवू." राजानं विचारलं, "प्रजेला त्रास?" काळी पगडी म्हणाली, "करमणूक आहे, महाराज. आम्ही कुणाचा हात धरून फिरवणार नाही." राजानं मुद्रा दिली.

पेढीनं तांबटआळीला शंभर गिळग्या घडवायला सांगितल्या. गिळगी म्हणजे तांब्याचा पुरुषभर उंच चेहरा. कपाळावर तीन डोळे, खाली उघडं तोंड, कानाशी लोखंडी दांडा. दांडा ओढला की तिन्ही डोळे गरगर फिरत. तिन्ही सारखे थांबले तर तोंडातून सोन्याचे मणी पडत. नाही थांबले तर ओढणाऱ्याच्या घरातलं काहीतरी एक जाई. काय जाईल ते गिळगीच ठरवी. हनुवटीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत कोरलं होतं, 'शहाण्यानं मापात खेळावं.' ती वाचायला माणसानं जमिनीवर पालथं पडायला हवं होतं.

आधी बारीकसारीक गेलं. कुणाच्या दाराची करकर गेली, कुणाच्या लुगड्याचा रंग गेला. लोक हसले. मग कुणाच्या चुलीची ऊब गेली. जाळ दिसे, भाकरी भाजेना. मग पलीकडच्या आळीतली बायजा दांडा ओढून घरी आली, तर नवऱ्याच्या जागी घोंगडीला नुसता माणसाच्या आकाराचा खळगा. बायजा खळग्याशेजारी बसली, थोडं रडली, आणि उठून परत गिळगीकडं गेली. भर दुपारी चौकात रांग लागे. त्या रांगेत कुणी कुणाशी बोलत नसे.

कोंडाजी पहिल्यांदा गेला तो थट्टेनं. "माझ्याच हातचं तांबं, मला काय खाणार?" बारा मणी पडले. पवळेच्या गळ्यात त्यानं ते बांधले. दुसऱ्या दिवशी घरातलं मीठ अळणी झालं. तिसऱ्या दिवशी चूल गार पडली. चौथ्या दिवशी पवळा दारात उभी राहून तोंड हलवत होती आणि आवाज येत नव्हता.

सरूनं नवऱ्याचे पाय धरले. "धनी, आता तरी थांबा."

"थांबून कसं चालेल?" कोंडाजी म्हणाला. त्याची नजर दाराबाहेर होती. "गेलेलं सगळं तिच्याच पोटात आहे ना? मग तिच्याकडूनच परत येणार. एक फेरा सरू, एकच."

असे सहा दिवस एकच फेरा चालला. सातव्या दिवशी सकाळी पवळा अंगणात उभी राहिली आणि तिची सावली पडली नाही. सरूनं नीट पाहिलं. पोरीच्या पोटातून पलीकडची चूल दिसत होती.

सरूनं पोरीला शेल्यानं पाठीशी बांधलं, हातात तांब्या घेतला आणि ती पेढीच्या वाटेला लागली. पेढीच्या महालामागं एक तळं होतं. त्याला सोनतळं म्हणत. त्यावर जनावर उतरत नसे. काठावर एक टिटवी मात्र बसली होती.

टिटवी म्हणाली, "तांबटणी, पाठीवर काय आहे?"

"लेक आहे."

"अजून आहे का? हात लावून बघ."

सरूनं हात मागं नेला. पोर होती. पण कापसाएवढी हलकी.

"टिटवीबाई, तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. माझी लेक कशानं परत येईल?"

"ठाऊक आहे. माझ्या चार अंड्यांची ऊब याच तळ्यानं ओढून घेतली आहे, म्हणून मी इथून हलत नाही. गिळगी गिळते ते या तळ्यात येतं. सात दिवस भिजतं आणि सातव्या सांजेला त्याचं सोन्याचं कौल होतं. तुझ्या लेकीचा आवाज आज सातव्या दिवसाचा आहे. सूर्य डोंगराला टेकला की आवाजाचं सोनं होईल. आवाजामागून अंग जाईल." टिटवीनं मान वाकडी केली. "आता तू सांग. तुमच्या आळीत हंडा घडवला की पहिलं पाणी कोण पितं?"

"घडवणारा पितो. भांड्यात विष उतरलं असेल तर ते घडवणाऱ्याच्या पोटात जावं, गिऱ्हाइकाच्या नको. आमच्या धंद्याचा रिवाज आहे तो. बाजारात मांडायला मुद्रा देणाराही पितो, आणि विकणारा मालकही."

"आणि गिळगीचं पहिलं पाणी कोण प्यायलं?"

सरू हळूच म्हणाली, "कुणीच नाही. सगळे म्हणाले, हिच्यात पाणी कुठं भरायचंय?"

"म्हणून ती उतली. या तळ्याचे तीन घोट ने. एक घडवणाऱ्याला पाज, एक मुद्रा देणाऱ्याला पाज, एक मालकाला पाज. जबरीनं पाजलंस तर फुकट जाईल. आणि पाणी भरताना कुणी हाक मारली तर ओ देऊ नकोस. ओ दिलीस की तुझाही आवाज तळ्याचा. मग राजाशी काय खुणा करशील?"

सरू वाकली. तांब्या पाण्याला लागला न लागला, तोच खालून हाक आली.

"आई!"

पवळेचा आवाज. पाठीवरची पोर मुकी आणि पाण्यातून तिचाच आवाज.

"आई, इथं गार आहे गं. आई, ऐकतेस ना? मी काय केलं? आई, ओ दे ना."

सरूनं पदराचा बोळा दातांखाली धरला. तांब्या भरेपर्यंत हाक चालू होती. ती वळली तेव्हा खालचा आवाज रडत होता, आणि ती चालत राहिली. पाठीवरच्या पोरीचं वजन पावलागणिक कमी होत होतं.

चौकात कोंडाजी रांगेत सगळ्यांत पुढं होता. त्याचा हात दांड्यावर होता.

सरू म्हणाली, "धनी, एक घोट प्या."

"सर बाजूला. आता माझी पाळी आहे."

"तुमची खरी पाळी आधीच हुकली आहे. गिळगी तुम्ही घडवली. पहिलं पाणी प्यायलात का?"

"आळीत कुणीच प्यायलं नाही. मी एकट्यानं का प्यावं?"

"कारण पवळा तुमच्या एकट्याच्या हातानं गेली," सरू म्हणाली आणि तिनं पाठ त्याच्याकडं फिरवली. शेल्याच्या गाठीत पोरीचे डोळे तेवढे दिसत होते. बाकीचं पुसट.

कोंडाजीनं दांडा सोडला, तांब्या घेतला आणि घोट घेतला. मग काही म्हणायला तोंड उघडलं, तर त्याच्या दाढीमिशांच्या तोंडातून पवळा बोलली. "बाबा, मी रोज दारात उभी होते. तुम्ही कुठं होता?"

कोंडाजी रांगेतून बाहेर आला. मग स्वतःच्या आवाजात त्यानं एवढंच विचारलं, "हातोडा कुठंय माझा?"

हातोडा खांद्यावर टाकून तो बायकोमागं निघाला. एक काम झालं.

राजवाड्याचं छप्पर उन्हात असं झळकत होतं की वर बघवत नव्हतं. दरबारात तिन्ही पगड्या राजाच्या उजवीकडं बसल्या होत्या.

सरू म्हणाली, "महाराज, मुद्रा तुमची. रिवाजानं एक घोट तुमचा."

प्रधान हसला. "काय गं बाई, महाराजांना तहान लागली तर राजवाड्यात पाणी नाही का?"

"राजवाड्यात पाणी आहे, प्रधानजी. हे छपराचं आहे."

राजा म्हणाला, "बाई, मी गिळगी घडवली नाही. मी ओढतही नाही. मी फक्त मुद्रा दिली."

"महाराज, सोनतळ्याच्या या पाण्यातूनच तुमची कौलं निघतात. पाणी वाईट असेल तर छप्पर वाईट. छप्पर चांगलं असेल तर पाणी चांगलं. दोन्हींतलं एक सांगा, मी निघते."

लाल पगडी राजाच्या कानाशी लागली. राजानं तिला हातानं दूर सारलं आणि घोट घेतला.

मग त्यानं मान वर केली. वर्षभर छपरातून बारीक आवाज येत, आणि पारवे आहेत असं तो समजत होता. आता त्याला शब्द कळले. एक कौल म्हणत होतं, "बायजे, दार उघड." एक म्हणत होतं, "आजी, मला घे." हजार कौलं, हजार जणांची हाक. राजानं कानांवर हात ठेवले तरी ऐकू येतच राहिलं.

"प्रधानजी," राजा म्हणाला, "मी यांच्याखाली झोपत होतो." दोन कामं झाली.

राजानं फर्मावलं, "पगडीवाल्यांनो, शेवटचा घोट मालकाचा. प्या."

लाल पगडी म्हणाली, "मी मालक नाही. मी फक्त मंत्र पुरवतो. मालक पेढी आहे."

पिवळी पगडी म्हणाली, "मी फक्त मणी मोजतो. मालक पेढी आहे."

काळी पगडी सावकाश हसली. "पेढीला पाजा, महाराज. पेढीला घसा नाही, पोट नाही. पेढीला तुम्ही पाजणार कसं? शिवाय मापात खेळा असं आम्ही कोरून ठेवलेलं आहे." मग सरूकडं वळून गोड आवाजात म्हणाली, "बाई, उगाच उन्हातान्हात हिंडलीस. राजवाड्याच्या दारातली गिळगी तुझ्यासाठी मोकळी आहे. एक फेरा फिरव. तिन्ही डोळे सारखे पडतील, शब्द देतो. लेक परत येईल."

सूर्य डोंगरापासून हातभर उरला होता. सरूनं मागं हात नेला. शेल्याची गाठ होती तशीच होती. आत हाताला काही लागलं नाही. एक फेरा. तिचं पाऊल दाराकडं उचललं, आणि तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. तो नुसती नको-नको अशी मान हलवत होता. हेच शब्द सहा दिवस त्यानं स्वतःला सांगितले होते.

सरूनं पाऊल मागं घेतलं.

"महाराज," ती म्हणाली, "हे तिघे मालक नाहीत म्हणतात. मग शंभर गिळग्या बेवारस झाल्या. बेवारस तांबं आळीनं फोडून वितळवावं, याला तुमची मुद्रा आहे का?"

"आहे," राजा म्हणाला.

कोंडाजीनं दारातल्या गिळगीवर हातोडा उगारला. तिच्या पोटात मणी खळखळले. तो आवाज तिन्ही पगड्यांनी ऐकला आणि तिघांनाही बसवेना.

"थांब!" लाल पगडी ओरडली. "हात लावू नकोस, आमची आहे!"

"आमची आहे!" पिवळी ओरडली.

"तिघांची आहे, शंभरच्या शंभर आमच्या आहेत!" काळी पगडी ओरडली, आणि ओरडून झाल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

सरू म्हणाली, "दरबार साक्षी आहे. जबरी कुणावर नाही. ज्यांची भांडी, त्यांच्याच भांड्यात ओतते."

तिनं शेवटचा घोट गिळगीच्या उघड्या तोंडात ओतला.

गिळगीच्या घशातून घुटका उतरला, आणि तिन्ही जादूगारांच्या गळ्यातूनही उतरला. कपाळावरचे डोळे आपोआप फिरू लागले. दांड्याला कुणाचा हात नव्हता. पहिल्या फेऱ्याला तिघांचे आवाज गेले. दुसऱ्याला सावल्या गेल्या. तिसऱ्याला आसनांवर नुसते तीन खळगे उरले आणि वर तीन रिकाम्या पगड्या. त्या पगड्यांकडं कुणी गेलं नाही.

डोंगराला सूर्य टेकला. सरू जागची हलली नाही. तिच्या पाठीवर काहीच नव्हतं.

मग शेल्याची गाठ ताणली. तिच्या खांद्यांना ओढ बसली, कंबर वाकली, गुडघे वाकले. पाठीवर सात वर्षांच्या पोरीचं सगळं ओझं आलं, आणि कानाशी कुणीतरी म्हणालं, "आई, तू ओ का दिली नाहीस? मी किती हाका मारल्या!"

"देते गं," सरू म्हणाली. "ओ. ओ. ओ." तिला थांबताच येईना.

शंभर गिळग्यांनी शंभर चौकांत तोंडं वासली आणि गिळलेलं ओकलं. मीठ, ऊब, रंग, हसू. सावल्या तर शेळ्यांसारख्या आपापल्या घरी पळाल्या. टिटवीची चार अंडी फुटली आणि चार पिल्लं काठावरून धावली.

पण सात दिवसांपूर्वी गेलेल्याचं आधीच सोनं झालं होतं. ती कौलं राजानं स्वतः उतरवली. एकेक कौल उराशी धरून तो अनवाणी दारोदार हिंडला. "हे तुमच्या घरचं आहे का?" खऱ्या उंबऱ्यावर ठेवलं की कौलाचा माणूस होई. बायजेचा नवरा असाच उठला आणि जेवायला काय आहे म्हणाला. काही कौलांना उंबराच सापडला नाही, त्यांची घरंच्या घरं संपली होती. ती राजानं कुणाला दिली नाहीत. आपल्या उशाशी ठेवली. त्यांचं बोलणं ऐकत तो उरलेलं आयुष्य कमी झोपला. राजवाड्यावर गवताचं छप्पर आलं.

पुढच्या वर्षी सरूला मुलगा झाला. बारशाला सगळी आळी लोटली. राजाही आला, घोंगडीवर बसला, त्यानं घुगऱ्या खाल्ल्या आणि सरूकडं पुन्हा मागितल्या. पाळण्याची दोरी पवळेच्या हातात होती. तिनं भावाचं नाव त्याच्या कानात सांगायचं, ते इतक्या मोठ्यानं सांगितलं की बाळ दचकून रडू लागलं आणि सगळा मांडव हसला. कोंडाजी बाळाला घ्यायला धावला. चुलीवर दुसरा हंडा चढला. घरात अन्न होतं, आवाज होता, चार माणसांच्या चार सावल्या भिंतीवर होत्या. त्या घराला जसं भरल्यापणी सुख लाभलं, तसं ऐकणाऱ्याच्या घराला लाभो.