कळीभोवतीचा कचरा

गर्भात अवयव कसे घडतात याच्या अभ्यासात जिचे केस पिकले, अशा एका विदुषीकडे एकदा एक विद्यार्थिनी संशोधनासाठी आली. मुलगी हुशार, पण भित्री. कुणाकडून काही पडले तरी आधी तिच्याच तोंडून 'सॉरी' निघे.

तिचा विषय होता स्तनाची पहिली कळी. उंदराच्या गर्भात, त्वचेखाली, खसखशीच्या दाण्याहूनही लहान पेशींचा पुंजका उमटतो. पुढे याच पुंजक्याला फांद्या फुटतात आणि एक दिवस त्यातून दूध येते. ती कळी गर्भातून अलगद काढून काचेच्या बशीत वाढवायची, एवढेच काम. पण दोन कळ्या मेल्या होत्या. प्रयोगासाठी मंजूर झालेल्या गर्भांतला आता शेवटचा उरला होता. तिसरी कळीही गेली तर विषय बंद, आणि तिला घरी परतावे लागणार.

या वेळी तिने काळजी घेण्यात कसर ठेवली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मान मोडेपर्यंत बसून कळीला चिकटलेला सैल, गढूळ भाग सुईने खरवडून बाजूच्या बशीत टाकला. कळी मोत्यासारखी स्वच्छ दिसू लागली.

बाईंनी येऊन पाहिले. "भांडी घासावीत तशी घासलीस गं!" म्हणाल्या, आणि ती कळी उचलून सरळ त्या टाकलेल्या गाळात नेऊन ठेवली.

"बाई! अहो, तो कचरा आहे!" मुलगी जवळजवळ किंचाळली.

"असू दे. झाकण लाव आणि इन्क्युबेटरमध्ये ठेव."

पाच दिवस मुलीला अन्न गोड लागले नाही. सहाव्या दिवशी तिने भिंगातून पाहिले. कळी खाली उतरली होती, आणि तिच्या टोकाला चक्क फाटा फुटला होता!

"जगली!" ती ओरडली. "बाई, पण कशी?"

"पहिली कळी मेली तेव्हा कुणाला विचारलंस?" बाईंनी उलट विचारले.

"कुणालाच नाही. हसले असते प्रयोगशाळेतले सगळे."

"आणि दुसरी?"

"तेव्हाही नाही."

बाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, दूध देणारी होणं हे कळीच्या आतच आहे. पण ती एकटी वाढत नाही. आधी तीच एक रेणू बाहेर पाठवते. तो तिचा निरोप. तो मिळाला की भोवतालची ऊती बदलते, तिच्याभोवती दाट होते आणि आपले रेणू उलट धाडते: आता उतर खाली, आता फांदी फोड. एवढासा जीव, पण बोलणं कसं अखंड चालतं बघ! तू ज्याला कचरा म्हणालीस ना, तेच तिचं ऐकणारं आणि तिला उत्तर देणारं होतं. तू तिला स्वच्छ केलंस खरं, पण एकटं पाडलंस."

मुलीने पुन्हा एकदा भिंगाला डोळा लावला. मग उठली आणि खोलीतल्या सगळ्यांकडे वळली. कान लाल झाले होते, तरी बोलली:

"या फांद्या मोजायच्या कशा, मला येत नाही. कुणी शिकवाल?"