कावळ्याच्या मेंदूचे थर

“आणि कावळ्यात किती थर?” घैसास सरांनी विचारलं.

“एकही नाही,” श्रीरंग म्हणाला. “माणसाच्या पुढच्या मेंदूला सहा थर. सरड्याच्या तीन. कावळ्याच्या मेंदूत नुसते गोळे. काप मी स्वतः काढलेत, सर.”

अंगणातल्या बाजेवर, दोघांच्या मध्ये, त्याचा प्रबंध होता. सहा वर्षांची मेहनत. सोमवारी मुदत संपत होती आणि सरांच्या सहीशिवाय विद्यापीठ तो घेणार नव्हतं. सही होणार याची श्रीरंगला खात्री होती. त्याला सगळ्याच गोष्टींची खात्री असे.

सरांनी शेवटचं पान उघडलं.

“‘थर नाहीत, म्हणून ओळख ठेवता येत नाही.’ हे तुझं वाक्य?”

“हो. गोळ्यांत काय ओळख राहणार?”

“काप कुठल्या कावळ्याचे?”

श्रीरंगने वर बोट दाखवलं. “याच आंब्यावरचे. मागच्या वैशाखात तुमची शिडी घेतली होती ना? दोन पिल्लं काढली घरट्यातून.”

सरांनी प्रबंध मिटून बाजेवर ठेवला.

आंब्यावरून कावळा उतरला तो थेट श्रीरंगच्या डोक्यावर. चोच मारून पुन्हा फांदीवर जाऊन बसला.

श्रीरंग कसनुसं हसला. “माणूस दिसला की अंगावर येत असेल.”

“मी रोज इथंच बसतो.”

“मग… माझ्या निळ्या शर्टाला बिचकला असेल.”

“काढ तो. खात्री करून घेऊ.”

सरांनी आपला सदरा आणि टोपी त्याला घालायला दिली. स्वतः त्याचा निळा शर्ट चढवला. तो त्यांना फार घट्ट होत होता. दोघं पुन्हा बाजेवर बसले.

कावळा आला. निळ्या शर्टाला ओलांडून गेला. श्रीरंगच्या डोक्यावरची टोपी लांब मातीत जाऊन पडली.

श्रीरंगने डोक्याला हात लावला. बोटाला रक्त लागलं. त्या पिल्लांबद्दल त्याला वर्षभरात पहिल्यांदाच लाज वाटली. पण सोमवार दोन दिवसांवर होता.

“सर…” तो खालच्या आवाजात म्हणाला. “सही?”

सरांनी पेनाचं टोपण काढलं. वर आंब्यावरच्या कावळ्याकडे पाहिलं.

“करतो ना. आधी त्याला वाचून दाखव.”