पिरिपीने निवडलेला शब्द

पूर्वी, दुसऱ्या एका कल्पात, दक्षिण समुद्रातल्या बेटांवर एक परदेशी राणी दुरूनच राज्य करीत असताना बोधिसत्त्व माओरी लोकांच्या एका नदीकाठच्या वस्तीत जन्मला. तारखा विचारू नका. कल्प फिरून फिरून येतात, आणि त्यांच्याबरोबर बेटे, जहाजे आणि क्रूसावरच्या ख्रिस्ताची वार्ताही फिरून येते. बोधिसत्त्वाचे त्या जन्मीचे नाव पिरिपी. तरुणपणी एका लढाईत शत्रूंनी त्याला धरून नेले आणि गुलाम केले. तिथे एका पाद्र्याजवळ तो अक्षरे शिकला. पुढे त्याचे मालक ख्रिस्ती झाले, त्यांनी गुलाम सोडून दिले, आणि पिरिपी ख्रिस्तचरित्राचे पुस्तक, शुभवर्तमान, काखेत घेऊन घरी परतला. ज्याला सगळ्यांनी मेला असे धरले होते त्याचे बोलणे सरदारसुद्धा जमिनीवर बसून ऐकू लागले. वस्तीतले गुलाम मोकळे झाले, सुडाच्या लढाया थांबल्या. लोक त्याला संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप आणणारा, म्हणू लागले.

ख्रिस्ताने शिकवलेली प्रभूची प्रार्थना त्याने स्वतःच आपल्या भाषेत आणली. ‘क्षमा कर’ या ठिकाणी तो बरेच दिवस अडला. शेवटी त्याने शब्द घातला, मुरू. आपल्या लोणच्याच्या मुरण्याशी त्याचा काही संबंध नाही. मुरू म्हणजे पुसून टाकणे, आणि मुरू हा त्या लोकांचा एक रिवाजही होता. कोणाच्या हातून अपराध झाला की दुखावलेले नातलग जथ्याने त्याच्या दारी येत आणि घर धुऊन नेत. चटया, रताळी, होडी, अंगावरचे पांघरूणसुद्धा. अपराध्याने दारात बसून राहायचे, हात उचलायचा नाही. मग तो अपराध पुसला गेला, पुन्हा त्याचे नाव कोणी काढायचे नाही. पिरिपीला त्यातले पुसणे फार आवडले. लुटणे त्याच्या ध्यानातच आले नाही. शहाणी माणसे अशीच चुकतात, आणि चुकली की भल्याभल्यांना कळत नाही.

दहा वर्षे सारी वस्ती सकाळ-संध्याकाळ तेच म्हणत राहिली, ‘आमचे अपराध मुरू कर, जसे आम्ही आमच्या अपराध्यांना मुरू करतो.’

अकराव्या वर्षी बार्लो नावाचा गोरा मोजणीदार आला आणि त्याने थेट वस्तीच्या दफनभूमीतून खुंट्या ठोकल्या. पिरिपीची चुलत बहीण हाराता हिचा होने नावाचा मुलगा त्या खुंट्या उपटायला गेला. बार्लोने गोळी घातली. होने तिथेच पडला.

त्याला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना सुरू झाली. ‘मुरू करतो’ हे शब्द आले आणि तरुण सरदार रावीरी उठून उभा राहिला. त्याच्या मागे साठ पुरुष उठले. प्रत्येकाच्या कमरेला कुऱ्हाड होती.

“कुठे निघालास, रावीरी?” पिरिपीने विचारले.

“बार्लोच्या घरी, काका. मुरू करायला. तो दारात गप्प बसला तर केसालाही धक्का लागणार नाही. आडवा आला तर मात्र आमचा इलाज नाही.”

बार्लो गप्प बसणार नव्हता, कारण त्याला रिवाज ठाऊक नव्हता. त्याच्या घरात बायको आणि दोन तान्ही मुले होती. पलीकडे किल्ल्यात राणीची फौज होती, आणि एक गोरा मेला तर ती सगळी वस्ती जाळणार होती. पण पिरिपी हबकला तो त्या चेहऱ्यांमुळे. त्यांवर संताप नव्हता. ती सगळी माणसे भक्तिभावाने उभी होती.

“ही प्रार्थना लुटायला सांगते, असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“तुम्हीच,” रावीरी म्हणाला. त्याला खरोखरच नवल वाटले होते.

तेवढ्यात हाराता बोलली. “दादा, गोवराच्या साथीत माझा नवरा गेला, दोन्ही मुली गेल्या. मी रडले का? दारात बसून राहिले. म्हटलं, देव आमच्या घरी मुरू करायला आलाय. नेऊ दे. हात उचलायचा नसतो.”

तिचे ते गप्प बसणे पिरिपीने पाहिले होते आणि त्याला श्रद्धा समजून तो सगळ्यांना तिचे उदाहरण देत आला होता. त्याच्या एका शब्दाने देवाला दरोडेखोर केले होते, आणि एका आईचे रडणे इतकी वर्षे दाबून ठेवले होते.

सुटका सोपी होती. ‘मला दृष्टान्त झाला, देव थांबायला सांगतो,’ एवढे म्हणायचा अवकाश, साठही जण खाली बसले असते. संदेष्ट्याचा मानही राहिला असता. शब्द त्याच्या ओठांवर आलेसुद्धा. त्याने ते गिळले.

“तो शब्द देवाचा नाही,” तो म्हणाला. “माझा आहे, आणि तो चुकला. देव कोणाचं घर लुटत नाही. हाराता, तुझ्या मुली देवाने नेल्या नाहीत गं. त्या आजाराने गेल्या. आणि मी तुला रडू दिलं नाही.”

रावीरी पुढे आला. “मग दहा वर्षं आम्ही काय म्हणत होतो, काका?”

“माझी चूक. पहिला अपराधी मी आहे. बार्लोच्या आधी माझं घर आहे.”

आणि तो जाऊन आपल्या दारात बसला. रावीरीने खरेच त्याचे घर धुऊन नेले. चटया नेल्या, रताळी नेली, होडी नेली, खांद्यावरचे पांघरूण नेले, शेवटी शुभवर्तमानही नेले. पिरिपीने हात उचलला नाही. सर्वांत मोठा वाटा हारातापुढे ठेवला गेला. तिने त्या चटयांकडे पाहिले आणि ती मोठ्याने रडू लागली. नवऱ्याची, मुलींची, होनेची, सगळ्यांची नावे घेऊन ती दुपारपर्यंत रडत होती.

“एवढं आणलंत,” अखेर ती म्हणाली, “आणि एकही पोर परत आलं नाही. बार्लोच्या घरातून काय आणणार आहात?”

रावीरीने कुऱ्हाड खाली ठेवली. संध्याकाळी सगळे रिकाम्या हातांनी दफनभूमीत गेले आणि खुंट्या उपटून, शेजारी नीट रचून तिथेच बसले. बार्लो बंदूक घेऊन आला, पण बसलेल्या माणसांवर ती चालवायला त्याचा हात धजला नाही. खुंट्या पुन्हा ठोकल्या गेल्या, पुन्हा उपटल्या गेल्या. त्यापायी पिरिपी तीन वर्षे तुरुंगात राहिला. सगळी जमीन वाचली नाही. वस्ती मात्र जळली नाही, आणि बार्लोची मुले मोठी झाली.

ही कथा सांगून भगवान म्हणाले, “भिक्खूंनो, त्या वेळचा रावीरी म्हणजे आज विहाराचे दार राखणारा भिक्खू. हाराता म्हणजे ती मागे बसलेली वृद्ध भिक्खुणी. बार्लो याच सभेत आहे, त्याचे नाव मी घेणार नाही. आणि पिरिपी मी होतो. ही सत्यपारमिता, सत्य पूर्णत्वाला नेण्याची साधना. दुःखी माणसाला खोटा दिलासा देणे ही दया नव्हे, हे मी त्या जन्मी शिकलो, आणि शिकायला मला दहा वर्षे उशीर झाला.”