स्टुलावरच्या कुमुदवहिनी

आमच्या सोसायटीचे चेअरमन दिनकरराव खर्शीकर क्रिकेटची मॅच बघायला नेहमी कुमुदवहिनींकडेच यायचे, कारण मोठा टीव्ही त्यांच्याकडे. घर वहिनींचं, पण मॅचपुरता हुकूम दिनकररावांचा. षटकार बसला की जो जसा असेल त्याने तसंच राहायचं. कोणी हललं आणि विकेट पडली, तर पुढे वर्षभर त्याचा उद्धार.

त्या रविवारी वहिनी हॉलमध्येच स्टुलावर चढून फळीवरचा पोह्यांचा डबा काढत होत्या आणि नेमका तेव्हाच षटकार बसला.

"वहिनी, आता उतरायचं नाही," सोफ्यावर लोळलेले दिनकरराव म्हणाले. "मॅच तुमच्या हातात आहे."

हातात तर डबा होता. ओव्हरमागून ओव्हर गेली, खांद्याला कळ लागली, पाय लटपटायला लागले. उतरावं तर हरल्याचं खापर आपल्याच डोक्यावर फुटणार, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं.

"भावजी, मी थांबते," त्या वरूनच म्हणाल्या. "पण षटकार बसला तेव्हा तुम्ही जांभई देत होता. मग तोंड मिटलंत कसं?"

मॅचला जमलेल्या आम्हा सगळ्यांचे डोळे दिनकररावांकडे वळले. मान वळवायची कोणाची छाती नव्हती. नियम त्यांचाच, त्यामुळे त्यांनी मुकाट्याने आ वासला. पुढच्याच चेंडूवर चौकार गेला आणि तोंड मिटायची सोयच उरली नाही.

"मी खाली उतरू का, भावजी?" वहिनींनी विचारलं. "नको असेल तर तसं स्पष्ट सांगा."

दिनकरराव घशातून नुसतं "आ... आ..." करत राहिले.

"हो म्हणतायत," असं म्हणून वहिनी डबा घेऊन उतरल्या आणि पोहे भिजवायला आत गेल्या.