एका पायावरचं राज्य

त्या राज्यात शहाणपण एका पायावर मोजलं जाई. जो प्राणी न हलता जास्त वेळ एका पायावर उभा राहील तो जास्त हुशार, असा तिथला नियम होता, आणि नियम कुणी केला हे विचारायची पद्धत नव्हती. तळ्याच्या काठावर बगळ्यांची स्तब्धशाळा होती. तिथल्या परीक्षेत जो टिकेल त्याला काठावर कायमची जागा मिळे. जागा म्हणजे पायाखाली कोरडी शिळा, डोक्यावर करंजाची सावली आणि दोन्ही वेळचे मासे बसल्या जागी. बाकीच्यांनी जन्मभर पाण्यात नाहीतर चिखलात राबावं.

म्हणून हरणं, बदकं, ससे, मुंगसं, सगळेच आईबाप पहाटे आपली पिल्लं शाळेत आणून सोडत. पाखरांची पिल्लं कशीबशी तगत. चार पायांच्यांची मात्र फार ओढाताण होई, कारण त्यांना तीन पाय उचलावे लागत. पण नियम सगळ्यांना सारखाच होता, आणि त्या राज्याला या गोष्टीचा फार अभिमान होता.

त्याच तळ्यात भोवरी नावाची एक पाणमांजर राहत होती. मासा वळायच्या आत ती वळलेली असे, असं तिचं पोहणं. काठावरच्या मंडळींना जे मासे बसल्या जागी मिळत, त्यातले बरेचसे तिनेच धरलेले असत. ते पोचवताना मात्र तिला शिळांपासून लांब थांबावं लागे, कारण तिच्या अंगावरचं पाणी उडे. एकदा ते उडालंच. शिळेवरच्या बगळ्याने पंख झटकला आणि अवाक्षर न बोलता मान फिरवली. रागावला असता तर भोवरी विसरून गेली असती. ती मान फिरवणं तिच्या मनातून जाईना. त्या दिवशी तिने ठरवलं की आपला जन्म ओला गेला तो गेला, पोरीचा कोरडा जायला हवा.

पोरीचं नाव लाटू. ही लाटू झोपेतसुद्धा पाय मारायची. शाळेत पहिल्याच दिवशी ती एका पायावर उभी राहिली ती समोरून चतुर उडत जाईपर्यंत. मग ती चतुराच्या मागे, तिच्यामागे बदकाची दोन पिल्लं आणि त्यांच्यामागे मास्तर, अशी वरात साऱ्या तळ्याने पाहिली.

शेजारी कमठाबाई राहत. त्यांचा अचल दरवर्षी पहिला येई. तो कासव होता. तीन पाय कवचात ओढून घेतले की त्याचं काम झालं. पण कमठाबाई ही गोष्ट अशी सांगत, की ऐकणाऱ्याला आपल्या पोटी धोंडा आल्यासारखं वाटावं. अचलला उठ म्हणावं लागत नाही, अभ्यासाला बस म्हणावं लागत नाही, असं त्या रोज पाण्याला येताना सांगून जात. भोवरी हसून ऐकून घेई आणि घरी येऊन लाटूला अर्धा प्रहर जास्त उभी करी.

मग एकेक उपाय सुरू झाले. परीक्षेत शेपटी जमिनीला टेकणं ही चोरी समजली जाई, म्हणून भोवरीने कमळाच्या देठांनी लाटूची शेपटी पाठीशी आवळून बांधली. ओलं अंग घसरतं, म्हणून तिचं पोहणं बंद केलं. मासे धरायला धावलं की पायाची सवय मोडते, म्हणून मासे तिला तिच्या दगडावर आणून भरवायला सुरुवात केली. यातलं काहीही भोवरीने दुष्टपणाने केलं नाही. पोर उभी असेपर्यंत तीही समोर ताटकळत बसे, तिच्या अंगावर माशी बसली तर हलक्या फुंकरीने उडवी, आणि पोरीचा पाय थरथरला की हिचाही पंजा आपोआप पुढे होई.

आणि लाटूला जमलं. आधी थोडं, मग खूप. चतुर आले नि गेले, ती हलली नाही. पाऊस आला नि गेला, ती हलली नाही. शाळेचे प्रमुख आचार्य शुभ्रपाद, ज्यांचा दुसरा पाय कुणी कधी पाहिला नव्हता, ते स्वतः येऊन तिच्यासमोर थांबले आणि त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. त्या आनंदात भोवरीने शेजारीपाजारी झिंगे वाटले. कमठाबाईंनी ते घेतले, पण लगेच खाल्ले नाहीत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी भोवरीला वाटलं, पोरीला एकदा छान न्हाऊ घालावं. ती लाटूला घेऊन डोहात उतरली. दोघींच्या मधून एक रुपेरी मासा सुळकन गेला. भोवरी गमतीने म्हणाली, धर त्याला. लाटूने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती समोर बघत राहिली, शाळेत बघायची तशी, आणि हळूहळू खाली जाऊ लागली. आधी भोवरीला वाटलं, पोर बुडी मारते आहे. मग पाणी नाकावरून गेलं, डोळ्यांवरून गेलं, आणि लाटूचा एकही पाय हलला नाही.

पाणमांजरीचं पिल्लू बुडताना त्या तळ्याने कधी पाहिलं नव्हतं.

भोवरीने तळ गाठला, पोरीला मानेला धरून वर आणलं आणि काठाच्या गवतावर टाकलं. लाटू खोकली, तिने पाणी टाकलं, डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिने कौतुकाच्या आशेने विचारलं,

"आई, मी हलले नाही ना?"

भोवरी पोरीला नुसती चाटत राहिली, लहानपणी चाटायची तशी, कानामागे, पोटावर, पंजांवर. चाटता चाटता तिची जीभ पाठीवरच्या त्या देठांना लागली. देठ आत कातडीत रुतले होते. भोवरीने दात लावले आणि एकेक देठ तोडून टाकला. शेपटी मोकळी झाली, तरी बराच वेळ ती जिथल्या तिथे पाठीला चिकटून राहिली. मग तिचं टोक जरासं थरथरलं. त्या थरथरण्याकडे पाहून भोवरीला जो आनंद झाला, तसा आचार्यांच्या मान डोलावण्याने झाला नव्हता.

सकाळी सगळं राज्य परीक्षेला लोटलं. उथळ पाण्यात पिल्लांच्या रांगा लागल्या. काठावर आईबाप श्वास रोखून बसले. लाटूची जागा रिकामी दिसताच कमठाबाईंनी शेजारणीला कोपराने खुणावलं.

शाळेला लागूनच चिकणमातीचा एक उंच उतार थेट पाण्यात आलेला होता. त्याच्या माथ्यावर भोवरी आणि लाटू उभ्या होत्या. लाटूने विचारलं, इथे कोणत्या पायावर उभं राहायचं? भोवरी म्हणाली, कोणत्याच नाही. तिने पोटावर अंग टाकलं आणि स्वतःला सोडून दिलं.

एवढी मोठी पाणमांजर उतारावरून खाली आली ती धप्पकन पाण्यात. लाट उठली. पहिल्या रांगेतली बदकं लाटेबरोबर उचलली गेली, दुसऱ्या रांगेतलं पाडस चारी पाय पसरून बसलं, सशांच्या कानांत पाणी गेलं. मग वरून एक बारीकसा चीत्कार आला आणि लाटू खाली आली, डोकं आधी, शेपटी मागे सुकाणूसारखी फिरत. ती पाण्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. भोवरी पाण्यावर नजर लावून राहिली. पाण्यावर एक बुडबुडा आला, दुसरा आला, आणि पार पलीकडे, तोंडात तडफडता मासा धरून, लाटू वर आली.

आचार्यांचा आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. त्यांनी भोवरीला विचारलं, "एवढ्या पिल्लांचं वर्ष वाया घालवून तुम्ही काय मिळवलंत?"

भोवरीच्या अंगावरून पाणी निथळत होतं. या वेळी ती लांब उभी राहिली नाही. "माझी पोर पोहते आहे, आचार्य," ती म्हणाली. "मला तेवढंच बघायचं होतं."

आचार्यांनी परीक्षा पुन्हा घ्यायचं जाहीर केलं. पिल्लं पुन्हा रांगेत उभी राहिली. पण बदकाच्या एका पिल्लाला आठवून हसू आलं. ते दाबायला गेलं, तर ते नाकातून बाहेर पडलं. मग कुठूनतरी एक जाड, घोगरा, कुणाच्याच ओळखीचा नसलेला आवाज आला. अचल हसत होता. आजवर त्याला हसताना कुणी ऐकलं नव्हतं. बहुधा त्यानेही नाही. हसता हसता त्याचे चारी पाय कवचाबाहेर आले, तो घसरला आणि खोल पाण्यात पडला.

कमठाबाईंनी किंकाळी फोडली. पण अचल बुडाला नाही. तो पाण्याखालून अलगद सरकत गेला, घारीने आभाळात पंख पसरावेत तसे पाय पसरून, इतका हलका की त्याची सावलीही तळाशी नाचत होती.

"याला पोहता येतं?" कमठाबाईंनी कुजबुजत विचारलं.

"बाई," भोवरी म्हणाली, "तो कासव आहे."

मग रांग अशी राहिलीच नाही. मुंगसं उताराला लागली. पाडसाला उड्या मारता येतात हे त्याच्या बापाला त्या दिवशी कळलं, आणि थोड्या वेळाने बापाला स्वतःबद्दलही तेच आठवलं. काही आईबाप चिडून पिल्लांना घरी ओढून घेऊन गेले. त्यातले काही दुपारी हळूच परत आले. मास्तर ओरडून दमले आणि करंजाखाली बसले. आचार्य शुभ्रपाद तेवढे आपल्या शिळेवर तसेच उभे होते, डोळे मिटून. ऊन कललं, पोरं पेंगुळली, आईबापांच्या पाठीवर बसून आपापल्या घरी गेली, तरी ते तसेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी भोवरी नेहमीसारखी पहाटे मासे धरायला निघाली. लाटू मागे होतीच. काठावरचा चिखल खुरांनी, पंजांनी, पोटांच्या घसरणीने पार तुडवला गेला होता. शाळेकडून जाताना लाटू एकदम थांबली आणि तिने आईला हाक मारली.

आचार्यांची शिळा रिकामी होती. तिच्यापासून लांबसडक बोटांचे ताजे ठसे निघाले होते. डावा, उजवा, डावा, उजवा, असे ते चिकणमातीच्या उताराच्या माथ्यापर्यंत चढले होते. माथ्यावर ते थोडे घुटमळले होते. तिथून खाली, थेट पाण्यापर्यंत, एक अरुंद, गुळगुळीत पट्टा उतरला होता, आणि त्याच्या कडेला मातीत एक लांब पांढरं पीस रुतलं होतं.