गोरी चुनखडी

दगडधोंड्यांनाही वाचा होती, तेव्हाची गोष्ट. कड्यावरून पडून नीलगायीच्या मांडीचं हाड मोडलं. हाड भरून येईपर्यंत आधार हवा, म्हणून वैद्य अस्वलाने मांडी चिरून आत चुनखडीची परांची बसवायला घेतली. जंतू मारायला तो तिच्यात तांब्याची भुकटी मिसळणार, तोच चुनखडी फणकारली, "ही तांबडी भुकटी? माझ्या शुभ्र अंगाला डाग पडतील!" अस्वलाने भुकटी बाजूला ठेवली आणि नुसत्या चुनखडीची परांची बसवून मांडी शिवली.

आठवड्याभरात मांडी पुवाने टरारली. अस्वलाने जखम पुन्हा उघडली, तशी नीलगाय कडाडली, "वैद्यबुवा, पाय माझा आणि ऐकलंत हिचं? आणि काय गं भवाने, माझ्या कातड्याखाली तुझा गोरेपणा बघायला कोण येणार होतं?"